आधुनिक कोरियन साहित्यातले 'हीसेंग': त्याग, बलिदान की बळी?

पानगळ:

गेले काही महिने मी इंग्रजी अनुवादांच्या आधाराने कोरियन कादंबऱ्या वाचत आहे. त्यांतल्या दोन लागोपाठ वाचल्या गेल्या आणि तेव्हापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

पहिली शिन ग्योंग-सुक यांची 'प्लीज लुक आफ्टर मॉम' (मूळ प्रकाशन २००८). सोल स्थानकावर नवरा भुयारी रेल्वेच्या डब्यात पुढे चढतो, दार मिटते आणि ६९ वर्षांची पाक सो-न्यो फलाटावर मागे राहते, ती कायमचीच. मुले हरवल्याचे पत्रक लिहायला बसतात, तेव्हा कागदोपत्री असलेले १९३८ हे जन्मसाल लिहायचे की खरे १९३६ लिहायचे इथूनच त्यांचे अडायला लागते. दुसरी हान कांग यांची 'ह्यूमन ॲक्ट्स' (२०१४). मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने नागरिकांवर गोळ्या झाडल्या, त्या दिवसांत दोंग-हो हा शाळकरी मुलगा मृतदेहांच्या नोंदी ठेवायचे काम अंगावर घेतो आणि २७ मेच्या पहाटे सैन्य प्रांतिक कार्यालयात शिरते तेव्हा घरी न जाता तिथेच थांबतो.

या पुस्तकांवर चार ओळी लिहायला बसले तेव्हा पहिल्यासाठी 'आईचा त्याग' आणि दुसऱ्यासाठी 'कोवळ्या मुलाचे बलिदान' हे शब्द हाताशी तयारच होते. लिहिले आणि खोडले. पहिल्या पुस्तकात आईच्या कष्टांची आरती चालली आहे की मुलांची झडती, हे मला ठरवता येईना. दुसऱ्यात तर 'बलिदान' हा शब्द लिहिला की तो मुलगा पुतळा होऊन समोर उभा राहतो आणि कादंबरीतले त्याचे वय, त्याची भीती, सगळे नाहीसे होते.

म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आधुनिक कोरियन साहित्यात स्वतःला अर्पण करणे हे मूल्य म्हणून येते की आरोप म्हणून? आणि त्यांच्या भाषेत यासाठी जो शब्द आहे, त्याला मराठीत सर्वांत जवळचा शब्द कोणता?


तळटीप:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. तो शब्द 'हीसेंग'. चिनी लिपीतून आलेल्या दोन अक्षरांचा हा शब्द आहे आणि दोन्ही अक्षरांत बैलाची खूण आहे, म्हणजे मुळात तो वेदीवर चढवलेल्या जनावराचा शब्द. त्याला 'जा' हा माणूसवाचक प्रत्यय लागला की 'हीसेंगजा' होतो. स्वखुशीने प्राण देणाऱ्यालाही हीसेंगजा म्हणतात आणि १६ एप्रिल २०१४ रोजी सेवोल नौका बुडून जी ३०४ माणसे गेली, ज्यांत बहुसंख्य सहलीला निघालेले शाळकरी विद्यार्थी होते, त्यांनाही हीसेंगजाच म्हणतात. इंग्रजीत या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द लागतात, त्यामुळे अनुवादकाला प्रत्येक वेळी एक बाजू घ्यावी लागते आणि तुमच्यासारख्या वाचकाला ती ओढाताण दिसतच नाही.

मराठीचे तसे नाही. आपल्याकडे 'बळी' हा शब्द जसाच्या तसा चालेल. बळी दिला, बळी घेतला, बळी गेला, बळी पडला: नाम एकच, आणि सगळा न्यायनिवाडा क्रियापदात. कोरियन साहित्याचे गेल्या शंभर वर्षांतले भांडण मला या क्रियापदावरून चाललेले दिसते. कोणी दिला, कोणाला दिला, आणि 'दिला' असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

या भांडणाचे मूळ एका जुन्या कथेत आहे, आणि ती ठाऊक नसेल तर आधुनिक लेखक कोणाशी वाद घालत आहेत हे कळत नाही. पान्सोरी हा एक गायक आणि एक ढोलवादक यांनी तासन् तास सादर करायचा कथागायनाचा प्रकार आहे आणि त्याच्या आज टिकून असलेल्या पाच आख्यानांपैकी एक म्हणजे 'शिमचोंगगा'. शिमचोंग ही आंधळ्या बापाची पोर. बाप एकदा चरात पडतो, एक भिक्षू त्याला बाहेर काढतो आणि सांगतो की बुद्धाला तीनशे सोक तांदूळ वाहिलेस तर दृष्टी येईल. सोक हे धान्याचे जुने मोठे माप. घरात दाणा नसताना बाप भरीस पडून कबूल करून बसतो. मुलगी स्वतःला व्यापारी नाविकांना विकते, कारण समुद्र शांत राहावा म्हणून इंदांगसू नावाच्या ठिकाणी त्यांना एक कुमारिका पाण्यात टाकायची असते. पुढे नागराजा तिला वाचवतो, कमळातून ती परत येते, राणी होते, देशभरातल्या आंधळ्यांना जेवायला बोलावते आणि लेकीचा आवाज ऐकताच बापाचे डोळे उघडतात. शेकडो वर्षे ही कथा लेकीच्या पितृभक्तीचा नमुना म्हणून गायली गेली.

पण कथा नीट ऐकली तर तिच्यातच खाचा आहेत. तांदूळ देवळात पोचतो आणि बापाचे डोळे मात्र उघडत नाहीत. मुलगी मागे ठेवून गेलेले पैसे पेंगदोकची आई नावाची बाई खाऊन टाकते. काही पाठांत तर एका मोठ्या घरची बाई तांदळाचे पैसे आपण भरते म्हणून सांगते आणि नाविकांना शब्द दिला आहे म्हणून शिमचोंगच ते नाकारते. म्हणजे त्या बळीने हिशेब काही पुरा झालेला नाही. बापाचे डोळे उघडतात ते मुलगी जिवंत समोर आल्यावर.

आधुनिक लेखकांनी नेमके याच खाचांत बोट घातले. यी ग्वांग-सू यांची 'मुजोंग', म्हणजे 'निर्दय', ही १९१७ साली वृत्तपत्रातून क्रमशः आलेली कादंबरी कोरियन आधुनिक कादंबरीची सुरुवात मानली जाते. तिच्यातली योंगछे तुरुंगातल्या बापाला आणि भावांना सोडवण्यासाठी स्वतःला विकून गिसेंग होते, म्हणजे मैफलीत गाऊन-नाचून पुरुषांचे मनोरंजन करणारी स्त्री. आणि बाप? मुलीने असे केले हे कळताच तो अन्न सोडून तुरुंगातच मरतो. शिमचोंगचा धर्म पाळला आणि फळ उलटे मिळाले. पुढे अब्रू गेल्यावर योंगछे जीव द्यायला प्योंगयांगच्या गाडीत बसते, तेव्हा खिडकीतून इंजिनाच्या कोळशाचा कण तिच्या डोळ्यात जातो आणि शेजारची अनोळखी विद्यार्थिनी तो काढते. तिथून दोघींचे बोलणे सुरू होते. ती विद्यार्थिनी, ब्योंग-उक, तिला सांगते की मुलगी किंवा बायको होण्याआधी तू माणूस आहेस आणि आजवर तू दुसऱ्यांनी लिहिलेल्या ग्रंथांप्रमाणे जगलीस. डोळ्यातला कण काढणे ही साधी गोष्ट लेखकाने तिथे सहज ठेवलेली नाही. ज्या परंपरेत मुलीने बुडावे म्हणजे बापाचे डोळे उघडतात, त्या परंपरेत इथे बुडायला निघालेल्या मुलीचेच डोळे आधी साफ केले जातात.

त्यानंतरची उदाहरणे अधिक कठोर आहेत. चे इन-हून यांच्या १९७८ सालच्या एका नाटकात शिमचोंग ज्या 'नागमहालात' पोचते तो चीनमधला वेश्यावाडा असतो. अखेरीस म्हातारी, अधू नजरेची होऊन ती परतते आणि पोरांना नागमहालाची सुरस कथा सांगते, तेव्हा पोरे तिलाच वेडी ठरवून चिडवतात. ह्वांग सोक-योंग यांनी २००३ साली याच नायिकेवर मोठी कादंबरी लिहिली. तिच्यात ही मुलगी नानजिंग, तैवान, सिंगापूर, र्‍युक्यू बेटे आणि नागासाकी अशी एकोणिसाव्या शतकातल्या शरीरविक्रीच्या बाजारांतून फिरते आणि लेकीच्या पुण्याची कथा आशियातल्या व्यापाराची कथा होते.

आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण यी चोंग-जून यांच्या १९७६ सालच्या 'सोप्योंजे' या कथेचे. गावोगाव पान्सोरी गात फिरणारा बाप मुलीच्या गाण्यात 'हान', म्हणजे आत साठून राहिलेले दुःख, उतरावे म्हणून तिच्या डोळ्यांत जालीम द्रव घालून तिला आंधळी करतो. शिमचोंग बापाच्या डोळ्यांसाठी स्वतःला देते. इथे बाप कलेसाठी मुलीचे डोळे देतो. या कथेवर १९९३ साली चित्रपट आला, त्याच्या शेवटी ही आंधळी गायिका रात्रभर गाते ते आख्यान कोणते? शिमचोंगगा. आता यात बळी कोणी दिला आणि कोणाचा गेला, हे ठरवा.


उंबरठा:

तळटीप यांचे विवेचन आवडले, पण ते सगळे दंतकथेच्या अंगाने गेले आहे. कोरियातल्या वाचकाला हा विषय जिव्हारी लागतो तो नागमहालामुळे नव्हे, तर घरातल्या थोरल्या बहिणीमुळे. १९६० आणि ७० च्या दशकांत खेड्यांतल्या हजारो मुली सोलला येऊन कापड, विग आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांत लागल्या, आणि त्यांच्या पगारावर भाऊ शिकले. कारखान्यातल्या मुलीसाठी 'योगोंग' हा शब्द होता आणि त्यात हेटाळणीही होती.

शिन ग्योंग-सुक स्वतः त्यांतल्या एक. 'वेतानबांग' (१९९५) या आत्मचरित्राच्या जवळ जाणाऱ्या कादंबरीत गुरो औद्योगिक वसाहतीजवळच्या एका खोलीत भाऊ आणि चुलतबहिणीसह राहणारी, दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी कामगारांच्या शाळेत जाणारी मुलगी आहे. शिक्षकाने दिलेली चो से-ही यांची 'बुटक्याने उडवलेला छोटा चेंडू' (१९७८) ही कादंबरी ती वहीत हाताने उतरवून काढते. ती कादंबरी कशाची आहे? सोलमधल्या 'हेंगबोक-दोंग' म्हणजे 'सुखवाडी' नावाच्या वस्तीतले घर पाडले जाते, नव्या सदनिकेचा हक्क दलालाच्या हाती जातो, आणि घरातली मुलगी योंग-ही त्या दलालाबरोबर जाऊन राहते, एके दिवशी त्याच्या तिजोरीतून कागद परत चोरून आणते. कागद मिळतात. तोवर बाप विटांच्या कारखान्याच्या धुराड्यात मेलेला सापडलेला असतो. तांदूळ पोचला पण डोळे उघडले नाहीत, हेच पुन्हा, फक्त या वेळी नागराजा नाही.

चो नाम-जू यांच्या 'किम जी-योंग, जन्म १९८२' (२०१६) या दहा लाखांहून अधिक खपलेल्या कादंबरीत हीच बहीण आई झालेली आहे. तिने कारखान्यात राबून भावांना शिकवले आणि तिची पाळी आली तेव्हा घरात कोणाला तिची आठवण झाली नाही. आईला शिक्षिका व्हायचे होते हे जी-योंगला कळते तेव्हा तिला अभिमान वाटत नाही; आईच्या लांब घागऱ्याचा घोळ दाबून धरणारा एक लहान पण जड दगड आपण आहोत असे तिला वाटते. आईच्या त्यागाकडे लेकीच्या बाजूने पाहिले की तो असा दिसतो.

हान कांग तर याहून पुढे जातात. 'द व्हेजिटेरियन' (२००७) वाचताना सगळे लक्ष मांस नाकारणाऱ्या धाकट्या बहिणीकडे असते. थोरली इन-हे मात्र शेवटच्या भागात स्वतःशी कबूल करते की आपण आयुष्यभर जी कष्टाळू, सगळ्यांसाठी झिजणारी थोरली लेक होतो, ती समजूतदारपणामुळे नव्हे, भित्रेपणामुळे. मारकुट्या बापाच्या घरात टिकून राहायची ती युक्ती होती. त्यागाच्या कल्पनेवर इतका थंडपणे घातलेला घाव मी दुसरीकडे वाचलेला नाही. आजकाल तिथल्या मुली 'के-जांग्न्यो', म्हणजे 'कोरियन बनावटीची थोरली मुलगी', असे विनोदाने स्वतःला म्हणवून घेतात, तो विनोद याच जखमेवरचा आहे.

तेव्हा पानगळ, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर सरळ 'आरोप' असे आहे.


जुना वाचक:

उंबरठा यांचे उत्तर घरापुरते बरोबर आहे. रस्त्यावर आले की ते अपुरे पडते, कारण कोरियात लोकशाही आणि कामगारांचे हक्क ज्या मार्गाने आले त्यात माणसांनी खरोखरच स्वतःला दिले आहे आणि त्यांना 'आरोप' म्हणून बाजूला सारता येत नाही.

१३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या प्योंगह्वा बाजारात चॉन ते-इल या २२ वर्षांच्या शिंप्याने कामगार कायद्याचे पुस्तक घेऊन स्वतःला पेटवून घेतले. त्या बाजारातल्या बुटक्या माळ्यांवर लहान मुली दिवसभर शिवणयंत्रांपाशी राबत, आणि बसभाड्याचे पैसे त्यांच्यासाठी खाऊवर खर्च करून तो रात्री मैलोन् मैल चालत घरी जाई. त्याचे चरित्र चो योंग-रे या वकिलाने लपूनछपून लिहिले. १९८३ साली ते छापले गेले तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते. या पुस्तकाने एका पिढीला वळण लावले. अशा मृत्यूसाठी 'योलसा', म्हणजे हुतात्मा, हा शब्द रूढ झाला आणि पुढच्या वीस वर्षांत तसे मृत्यू वाढत गेले.

मग १९९१ आले. एप्रिलच्या अखेरीस पोलिसांच्या मारहाणीत एक विद्यार्थी मेला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत एकामागून एक तरुणांनी स्वतःला पेटवून घेतले. तेव्हा किम जी-हा यांनी ५ मे रोजी 'चोसोन इल्बो' या दैनिकात 'मृत्यूचा हा गूत आवरा' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. गूत म्हणजे मांत्रिकेचा विधी. हे किम जी-हा म्हणजे १९७४ साली लष्करी राजवटीने ज्यांना फाशीची शिक्षा सुनावली होती ते कवी. त्यांच्याच माणसांनी त्यांना फितूर ठरवले. माझे मत विचाराल तर लेखातला राग आंधळा होता, पण प्रश्न खरा होता: एका बळीने दुसऱ्या बळीला वाट करून द्यायची की ती वाट बंद करायची? त्यातच ८ मे रोजी एका कार्यकर्त्याने प्राण दिले, तेव्हा त्याची अखेरची चिठ्ठी सहकाऱ्यानेच लिहून दिली असा खटला सरकारने उभा केला. त्या सहकाऱ्याने तीन वर्षे तुरुंग भोगला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले ते २०१५ साली. 'दिला' हे क्रियापद कोणाचे, या तळटीप यांच्या प्रश्नाची सुनावणी तिथे अक्षरशः न्यायालयात झाली.

आता 'ह्यूमन ॲक्ट्स'. हान कांग हे सगळे घडून गेल्यावर लिहीत आहेत हे लक्षात घ्यावे. दोंग-होला पडलेला पहिला प्रश्न आठवा: सैनिकांनी मारलेल्या माणसांच्या पेट्यांवर राष्ट्रध्वज का घालायचा आणि राष्ट्रगीत का म्हणायचे, जणू देशाने त्यांना मारलेलेच नाही? त्याला मिळणारे उत्तर असे आहे की ज्यांनी मारले ते बंडखोर, त्यांना देश कसे म्हणायचे? बलिदानाच्या कल्पनेला ध्वज लागतो आणि हा मुलगा त्या ध्वजाकडेच बोट दाखवतो. आणि तो तिथे का थांबला? धावपळीत मित्राला गोळी लागली तेव्हा आपण पळालो ही शरम त्याला आहे. आईला तो सांगतो की सहा वाजता इथले दार बंद करणार आहेत, मग मीही घरी येईन. मराठीत हुतात्म्याच्या तोंडी असे वाक्य कोणी घातले असते असे मला वाटत नाही.

कादंबरीच्या उपसंहारात लेखिका तुमच्याच प्रश्नाशी येऊन थांबते. ती म्हणते त्याचा आशय असा की त्यांना मी हीसेंगजा समजत होते ही माझी चूक होती. हीसेंगजा व्हायचे नव्हते म्हणूनच ते तिथे थांबले. इंग्रजीत तिथे एकच अर्थ उरतो, बळी पडलेला. मूळ शब्दाचे दोन्ही अर्थ घेऊन वाचले तर ती एका दमात दोन्ही नाकारते: ते मारले गेले एवढीच त्यांची ओळख नाही, आणि त्यांनी कोणाच्या वेदीवर स्वतःला चढवलेही नाही.


बोरू:

थोडी भर, आणि एक कुरबूर. जुना वाचक यांनी कवितेला हात लावला नाही. युन दोंग-जू यांची १९४१ सालची 'क्रूस' ही कविता या विषयात टाळता येणार नाही. दुःख भोगलेल्या पण सुखी येशूप्रमाणे मलाही क्रूस मिळाला तर अंधारत्या आकाशाखाली मान झुकवून मुकाट रक्त सांडीन, असा तिचा आशय. तिच्यात 'प्रमाणे' या अर्थाचा 'चोरोम' हा प्रत्यय नामापासून तोडून एका स्वतंत्र ओळीत एकटाच ठेवलेला आहे. व्याकरणात असे चालत नाही. 'येशू' आणि 'मी' यांच्यामध्ये ती एक ओळ दरीसारखी राहते. अर्पण करायची इच्छा आहे, पण आपण त्याच्यासारखे आहोत असे म्हणायची कवीची छाती होत नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये जपानमधल्या फुकुओका तुरुंगात ते वारले आणि त्यानंतर वाचकांनी ती दरी स्वतःच बुजवून टाकली.

किम दोंग-नी यांची 'तुंगशिनबुल' (१९६१) ही कथाही मिळवून वाचा. जपानी सैन्यात जबरीने भरती झालेला कोरियन विद्यार्थी नानजिंगमध्ये पळून जातो आणि देवळात आसरा मिळावा म्हणून बोट चावून रक्ताने विनवणी लिहितो. त्या देवळात स्वतःला जाळून घेतलेल्या एका भिक्षूच्या देहावर सोने चढवून केलेली मूर्ती आहे, आणि तिचा चेहरा प्रसन्न नाही, वेदनेने वाकडा झालेला आहे. भिक्षूची सगळी कथा सांगून झाल्यावर गुरू त्या विद्यार्थ्याला एवढेच म्हणतात की तू चावलेले ते बोट वर कर. पुढे अर्थ सांगत नाहीत.

कुरबूर अशी की घर म्हणजे आरोप आणि रस्ता म्हणजे मूल्य अशी वाटणी वरच्या दोन प्रतिसादांतून नकळत झाली आहे. रस्त्यावरच्या बळीतही खोट असू शकते. रिचर्ड किम यांच्या 'द मार्टर्ड' (१९६४) मध्ये प्योंगयांगला कम्युनिस्टांनी १४ धर्मगुरूंपैकी १२ जणांना गोळ्या घातलेल्या असतात आणि दक्षिणेच्या लष्कराला प्रचारासाठी त्यांचे हुतात्मे करायचे असतात. खरे पाहता ते गयावया करत मेले आणि ताठ उभा राहिला तो जिवंत राहिलेल्या दोघांपैकी एक. तरीही श्रद्धाळूंना आधार हवा म्हणून तोच धर्मगुरू सगळा दोष स्वतःवर घेतो. कादंबरी मुळात इंग्रजीत लिहिलेली आहे, त्यामुळे तिला कोरियन साहित्य म्हणायचे का, यावर वेगळा धागा काढता येईल, इथे नको.


पानगळ:

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठा, तुमचे 'आरोप' हे उत्तर मला 'प्लीज लुक आफ्टर मॉम' पुरते अजून पटत नाही. पुस्तक मुलीला आणि नवऱ्याला 'तू' असे म्हणत उभे करते हे खरे, पण शेवटी मुलगी रोममध्ये मांडीवर मुलाचे शव घेतलेल्या मरियमच्या शिल्पापुढे जाऊन उभी राहते. तिथे आईची देवी झालीच ना? ज्या आईचे जन्मसाल घरच्यांना धड सांगता येत नव्हते, तिला शेवटी संगमरवरात बसवले म्हणजे मुले सुटली, असा माझा संशय आहे.


उंबरठा:

संशय रास्त आहे आणि तिथल्या व बाहेरच्या समीक्षकांनीही या पुस्तकाला भावुकतेबद्दल टोकले आहे. पण त्या शिल्पाच्या अलीकडचे प्रकरण पुन्हा वाचा. तिथे आई स्वतः बोलते. नवऱ्याला आणि मुलांना ठाऊक नसलेला एक पुरुष तिच्या आयुष्यात होता, ज्याच्याकडे ती मन मोकळे करायला जाई, हे तिथे कळते. आणि शेवटी ती स्वतःच्या मेलेल्या आईच्या घरी जाते, आणि आपल्यालाही जन्मभर आईची गरज होती हे आईला ठाऊक होते का, असे विचारते. जिला देवी करायचे तिच्या तोंडी कोणी हा प्रश्न घालत नाही. शिल्प मला खटकतेच, पण ते मुलीचे आहे. हा प्रश्न आईचा आहे.


तळटीप:

पानगळ, तुमच्या शंकेसाठी मी यी चोंग-जून यांचीच १९७७ सालची 'नुनकिल', म्हणजे 'बर्फाची वाट', ही कथा सुचवतो. छोटी आहे. एका शहरी मुलाला आईकडून आपल्याला काही मिळालेले नाही, तेव्हा आपल्यावर तिचे कर्जही नाही, असे स्वतःला बजावत राहायची सवय आहे. सरकारच्या योजनेत गावातली छपरे बदलली जात आहेत आणि म्हातारी आपल्याही छपराचा विषय हळूच काढते, तेव्हा तो धास्तावतो. बाकी मी सांगत नाही. कथा 'त्याग' हा शब्द वापरत नाही, 'कर्ज' हा शब्द वापरते, आणि मला वाटते तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या शब्दाभोवती आहे.


पानगळ:

काल रात्री वाचली. ज्यांना स्वतः वाचायची आहे त्यांनी हा प्रतिसाद इथेच सोडावा.

थोरल्या भावाने दारूपायी सगळे घालवल्यावर घर विकले गेले आहे. शिकायला बाहेरगावी असलेला धाकटा मुलगा ते ऐकून येतो, तेव्हा आई नव्या मालकाची परवानगी काढून त्याच घरात त्याला रांधून घालते आणि एक रात्र झोपवते. घर अजून आपलेच आहे असे त्याला वाटावे म्हणून कपड्यांची एक पेटी तिने तिथे मुद्दाम ठेवलेली असते. पहाटे अंधारात दोघे बर्फातून चालत गाडीपर्यंत जातात. गाडी त्याला घेऊन जाते. ती एकटी परत निघते, आणि बर्फात तिला आपल्या दोघांच्या जातानाच्या पावलांचे ठसे दिसतात. मुलाच्या ठशांवर पाय ठेवत ती येते. गावाजवळच्या टेकाडावर मात्र थांबते. जायला घर नाही आणि उगवतीचे ऊन डोळ्यांना सोसत नाही. त्या उजेडात गावात शिरायची तिला लाज वाटते.

हे सगळे ती अनेक वर्षांनी सुनेला सांगते आहे. सून खोदून खोदून विचारते, कारण नवऱ्याने हे कधी ऐकून घेतलेलेच नाही. मला तळटीप यांचे डोळ्यांचे सूत्र आठवत होते, म्हणून शेवटच्या पानावर मी थबकले. मुलगा शेजारीच पांघरुणात आहे आणि जागा आहे. बायको त्याला हलवते, उठा म्हणते. त्याला डोळे उघडता येत नाहीत, कारण पापण्यांखाली पाणी साचले आहे आणि उघडले तर ते दिसेल. आई सुनेला म्हणते, दमला असेल, झोपू दे त्याला.